दोन्ही अहवाल खरे

आपल्या घरांत आजार सांगण्याचीही एक रीत आहे. मधुमेह झाला तर तो पेढीवर बसल्या बसल्या सांगितला जातो, रक्तदाबाच्या गोळीचे नाव लग्नाच्या पंगतीत एकमेकांना विचारले जाते, आणि ज्यांच्या हृदयावर शस्त्रक्रिया झाली आहे ते तर तिची हकिकत रंगवून सांगतात. पण घरातल्या मुलाच्या पोटात जंत निघाले, हे वाक्य गेल्या तीस वर्षांत आपल्या समाजातील कोणाच्या तोंडून चारचौघांत ऐकल्याचे मला स्मरत नाही. माझ्याकडे येणारे नमुने मात्र निराळे सांगतात. मी एका जिल्ह्याच्या गावी रोगनिदानाची लहानशी प्रयोगशाळा चालविते. रक्त, लघवी, थुंकी यांचे नमुने घेऊन घरची माणसे स्वतः येतात. शौचाचा नमुना दुकानातल्या नोकराबरोबर येतो, वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या डबीत, आणि त्या डबीवर पुष्कळदा नावही नसते.

ही लाज कोठून येते हे कळण्यासारखे आहे. आपण उकळलेले पाणी पितो, कंदमुळे वर्ज्य मानतो, सूर्यास्तानंतर जेवत नाही, धान्य निवडल्याशिवाय दळत नाही, चातुर्मासात पालेभाजीला हात लावीत नाही. इतके पाळणाऱ्या घरात कृमी शिरला म्हणजे आचारालाच कोठेतरी भेग पडली, असे घरातल्या स्त्रियांना वाटते, आणि पुरुषांना वाटते की बाजारात हे कळले तर बरे दिसणार नाही. या दोन्ही वाटण्यांचा परिणाम एकच होतो. तपासणी लांबते.

जंत या एका शब्दात आपण अनेक प्राणी कोंबतो. रात्री मुलांना गुदद्वाराशी खाज आणणारे, सुतासारखे बारीक पांढरे सुतकृमी निराळे. आतड्याला चिकटून रक्त शोषणारे आकडेकृमी निराळे. मी येथे लिहिते आहे ते गोलकृमीविषयी. लिनियसने १७५८ मध्ये त्याला अस्कॅरिस लुम्ब्रिकॉइडिस हे नाव दिले. नावाच्या उत्तरार्धाचा अर्थ गांडुळासारखा. मादी वीसपासून पस्तीस सेंटिमीटरपर्यंत लांब, नर त्याहून आखूड आणि शेपटीशी वळलेला. आपल्या परंपरेलाही हा प्राणी अपरिचित नाही. तत्त्वार्थसूत्राच्या दुसऱ्या अध्यायात दोन इंद्रियांच्या जीवांचे उदाहरण म्हणून प्रथम कृमीच येतो, आणि शांतिसूरींच्या जीवविचार प्रकरणात बेइंद्रियांच्या यादीत शंख, कवडी, जळू यांच्या सोबतीला गंडोल आणि कृमी आहेत. पाठशाळेत ही यादी पाठ करताना गंडोल म्हणजे पोटात होणारा मोठा जंत, असे आम्हांला सांगितले होते. शास्त्राने या जीवांना संमूर्च्छिम म्हटले आहे आणि माझ्या टेबलावर नर वेगळा, मादी वेगळी दिसते. या दोहोंचा मेळ घालणे माझ्या अधिकाराबाहेरचे आहे. मी तो घालू पाहत नाही.

आता ज्या मुलामुळे हे लिहावेसे वाटले त्याच्याकडे येते. मुलगा सात वर्षांचा, घर आडत व्यापाऱ्यांचे, आमच्याच पेठेतले. श्रावणात त्याला कोरडा खोकला सुरू झाला. रात्री छातीत शिट्टीसारखा आवाज येई, अंग थोडे गरम लागे. छातीच्या एक्स-रेमध्ये उजव्या बाजूस एक पांढुरका डाग दिसला. आठ-दहा दिवसांनी पुन्हा एक्स-रे काढला, तर तो डाग तेथून नाहीसा झाला होता आणि डाव्या बाजूस दुसरा उमटला होता. घरात क्षयाची कुजबुज सुरू झाली. ज्यांच्या घरात मुलींची स्थळे पाहणे चालू असते त्यांना या शब्दाची धास्ती किती असते हे वाचकांना सांगायला नको.

रक्त माझ्याकडे आले. शंभर पांढऱ्या पेशींत इओसिनोफिल नावाच्या पेशी चोवीस होत्या. निरोगी माणसात त्या पाच-सहांच्या वर सहसा जात नाहीत. दमा, ॲलर्जी, कृमी, या साऱ्यांत त्या वाढतात, पण जागा बदलणारा डाग आणि या पेशी एकत्र दिसल्या की मन गोलकृमीकडे जाते. १९३२ मध्ये लोफ्लर या स्विस वैद्याने असे रुग्ण वर्णिले, त्यामुळे या अवस्थेला त्याचेच नाव आहे. मी शौचाची तपासणी सुचविली. तीन दिवसांचे तीन नमुने आले. तिन्हींत काही नव्हते. घरातल्यांना हायसे वाटले, आणि थोडा रागही आला असावा. मुलाचे वडील अहवाल घ्यायला आले तेव्हा म्हणाले, "ताई, मी म्हणालोच होतो. आमच्या घरात हे कसे असेल?"

अहवालाच्या तळाशी मी लिहिले होते की दोन ते तीन महिन्यांनी पुन्हा तपासावे. ते का, हे समजण्यासाठी या प्राण्याचा प्रवास पाहावा लागतो. मातीतले अंडे बोटांवरून किंवा अन्नावरून पोटात जाते. लहान आतड्यात त्यातून अळी निघते. पण ती तेथेच राहत नाही. आतड्याची भिंत भेदून ती रक्तात शिरते, यकृतातून हृदयात आणि हृदयातून फुप्फुसात पोहोचते. तेथे दहा ते चौदा दिवस वाढते, श्वासनलिकेतून वर चढत घशाशी येते, आणि खोकल्यासरशी गिळली जाऊन पुन्हा त्याच आतड्यात उतरते. जेथून निघाली तेथेच परत येण्यासाठी एवढा वळसा का, याचे कोडे मला आजही वाटते. जपानमधील शिमेसु कोइनो नावाच्या वैद्याने १९२२ मध्ये स्वतः दोन हजार अंडी गिळली, त्याला जोराचा फुप्फुसविकार झाला, आणि स्वतःच्या थुंकीत त्याने अळ्या शोधून दाखविल्या. माणसाच्या बाबतीत हा वळसा त्याने असा सिद्ध केला.

अंडे गिळल्यापासून मादी स्वतः अंडी घालू लागेपर्यंत दोन ते तीन महिने जातात. श्रावणात मुलाला खोकला होता तेव्हा अळ्या फुप्फुसात होत्या. आतड्यात अंडी घालणारे कोणी नव्हतेच, मग नमुन्यात काय दिसणार? अहवाल स्वच्छ होता आणि मूल आजारी होते, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या. मुलाच्या डॉक्टरांनी तेव्हाच जंतांची गोळी पुढे द्यावी असे सुचविले होते. घरातल्या दादीजींनी ते थांबविले. पुरावा नसताना जीव मारण्याचे औषध घरात येणार नाही, असे त्यांनी सांगितले. खोकला आपोआप ओसरला. तो तसा ओसरतोच. गोळीचा विषय मागे पडला.

कार्तिकात मुलाच्या बेंबीभोवती दुखू लागले. जेवण कमी झाले, एकदा उलटी झाली. या वेळी नमुना नोकराबरोबर आला नाही, वडील स्वतः घेऊन आले.

तपासणी दिसायला साधी आहे. काचपट्टीवर एका बाजूस मिठाच्या सौम्य द्रावणाचा थेंब, दुसऱ्या बाजूस आयोडिनचा. प्रत्येकात काडीच्या टोकावर मावेल एवढा मळ कालवायचा, वर पातळ काच ठेवायची आणि पट्टी एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत शेत नांगरल्यासारखी सरकवीत पाहायची. गोलकृमीचे फलित अंडे सोनेरी तपकिरी असते, कारण पित्ताचा रंग त्याला लागलेला असतो. लांबी मिलिमीटरच्या विसाव्या भागाच्या आसपास, कवच जाड, आणि त्यावर उंचसखल खडबडीत आवरण. एकदा पाहिले की विसरत नाही. पण नवशिक्याला फसविणाऱ्या वस्तू पुष्कळ आहेत. भाजीच्या पेशी, फुलांचे पराग, न पचलेल्या डाळीचे कण, हवेचे बुडबुडेसुद्धा. आपल्या घरांतल्या शाकाहारी नमुन्यांत वनस्पतींचे असे अवशेष अधिक असतात, त्यामुळे अंडे आहे असे चुकून लिहिले जाण्याचा धोकाही अधिक. उलट प्रकारही होतो. पोटात एकच मादी असली आणि नर नसला तर अंडी फलित होत नाहीत; ती लांबट, पातळ कवचाची, ओबडधोबड असतात आणि नजरेतून निसटतात. मिठाच्या संपृक्त पाण्यात फलित अंडी तरंगून वर येतात, ही विलिसची १९२१ सालची युक्ती आजही उपयोगी पडते, पण अफलित अंडी जड असल्यामुळे तळाशीच राहतात. आणि पोटात नुसते नर असतील तर अंड्यांचा प्रश्नच नाही. तेथे हे सारे निष्फळ.

अशा वेळी सोनोग्राफी साहाय्याला येते. आतड्यात किंवा पित्तनलिकेत कृमी असेल तर पडद्यावर समांतर रेषांची पट्टी दिसते, कधी ती वळवळतानाही दिसते. श्रीनगरचे डॉ. मोहम्मद सुलतान खुरू यांनी यकृत, पित्तमार्ग आणि स्वादुपिंड यांत गोलकृमी शिरलेल्या पाचशे रुग्णांचे निरीक्षण १९९० मध्ये लॅन्सेट या नियतकालिकात प्रसिद्ध केले. पोटात कधीतरी दुखते एवढेच समजून ज्याकडे काणाडोळा होतो ते कोठवर जाऊ शकते, हे त्यावरून कळते. लहान मुलांत संख्या फार वाढली तर कृमींचा गोळा होऊन आतडेच तुंबते आणि शस्त्रक्रियेची वेळ येते.

मुलाचे वडील माझ्या टेबलाशी उभे होते. त्यांनी एक प्रश्न विचारला जो डॉक्टरही सहसा विचारीत नाहीत. एवढ्याशा मळावरून सगळ्या पोटाचे कसे कळते? मी म्हटले, "तुम्ही पोत्यात नळी खुपसून मूठभर दाणे काढता आणि शंभर पोत्यांचा भाव करता, तसेच." ते हसले नाहीत. त्यांनी लगेच विचारले, मग नळी किती ठिकाणी खुपसली? प्रश्न बिनतोड होता. एक मादी दिवसाला सुमारे दोन लाख अंडी घालते. ती दीडदोनशे ग्रॅम मळात विखुरली असे धरले, तर ढोबळ हिशेबाने एका ग्रॅममध्ये हजाराच्या वर पडतात, आणि काचपट्टीवर आपण घेतो दोन मिलिग्रॅम, म्हणजे दोन-तीन अंडी. एकदा पाहून ती न दिसणे शक्य आहे. तीन दिवस पाहून न दिसणे बरेच अवघड. शौचाचे तीन नमुने मागितले की प्रयोगशाळा पैसे काढते असे ज्यांना वाटते त्यांच्यासाठी हा हिशेब लिहिला आहे.

मोजणीची आणखी चांगली पद्धत आहे. जपानच्या काटो यांनी ती १९५४ मध्ये काढली आणि ब्राझीलच्या नफ्ताली कॅट्झ यांनी १९७२ मध्ये तिला मोजमाप दिले. ठरावीक भोकाच्या पट्टीतून बरोबर ४१.७ मिलिग्रॅम मळ घ्यायचा, ग्लिसरिनमध्ये भिजविलेल्या सेलोफेनखाली दाबायचा, तो पारदर्शक होऊ द्यायचा, दिसतील ती सर्व अंडी मोजायची आणि संख्येला चोवीसने गुणायचे. त्या मुलाच्या पट्टीवर ३१० अंडी होती. वडिलांनी गुणाकार माझ्या आधी केला. ७४४०. ग्रॅममागे पाच हजारांच्या आत सौम्य, पन्नास हजारांच्या आत मध्यम, त्यावर तीव्र. हा मध्यम होता. त्यांनी श्रावणातला अहवाल खिशातून काढून नव्या अहवालाशेजारी ठेवला. दोन वह्यांतली बाकी जुळत नसली की व्यापारी जसा पाहतो तसे ते पाहत राहिले. "यातला खरा कोणता?" त्यांनी विचारले. मी तारखांवर बोट ठेवले आणि मधल्या तीन महिन्यांचा प्रवास पुन्हा सांगितला.

दुसऱ्या दिवशी दादीजी आल्या. त्यांना अहवाल वाचायचा नव्हता, पाहायचा होता. मी अंडे सूक्ष्मदर्शकाखाली धरले, त्यांनी चष्मा काढून एक डोळा लावला आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "बेटा, पोटातले ते बेइंद्रिय आहेत. इरियावहीत रोज ज्यांची क्षमा मागते, त्यांना मी गोळी घालून मारू?" त्यांनी आणखी विचारले की जीव न मारता बाहेर काढणारे औषध नाही काय.

मी त्यांना वैद्यकाचे तेवढे खरे सांगितले. नेहमीचे औषध अल्बेंडाझोल. त्याने कृमीला साखर शोषता येत नाही आणि तो उपासमारीने मरतो. दुसरे पायरँटेल, त्याने त्याचे स्नायू आखडतात, पकड सुटते आणि तो शौचावाटे बाहेर पडतो. पहिले ऐकताना त्यांनी डोळे मिटले, दुसरे ऐकताना उघडले. मला पुढचेही सांगणे भाग होते, की हा जीव माणसाच्या आतड्याबाहेर जगत नाही, म्हणून दुसऱ्या औषधाने मरण टळत नाही. औषध न दिल्यास कृमी वर्ष-दोन वर्षांत आपणहून मरतो हेही मी लपविले नाही, आणि तोवर तो मुलाच्या पित्तनलिकेत शिरणार नाही याची हमी कोणी देऊ शकत नाही, हेही.

गृहस्थाला कोणती हिंसा टाळता येते आणि कोणती येत नाही, याचे विवेचन साधू-साध्वींनी करावे. संकल्पी आणि विरोधी हिंसेतला भेद मी पाठशाळेपुरताच शिकले आहे. दादीजी स्थानकात जाऊन महासतीजींशी काय बोलल्या ते मी विचारले नाही. त्यांनी गोळी सुनेच्या हाती दिली नाही. स्वतःच्या हाताने नातवाच्या जिभेवर ठेवली, आणि त्या दिवसापासून तीन आयंबिल केले. त्या मला म्हणाल्या की औषध मीच दिले, तर हिशेबही माझ्याच नावावर पडू दे. शासनाचा राष्ट्रीय जंतनाशक दिन २०१५ पासून १० फेब्रुवारीला असतो. जेथे शंभरात वीस किंवा अधिक मुलांत असे कृमी आढळतात तेथे न तपासताच सर्वांना गोळी द्यावी, ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे, कारण तपासणीपेक्षा गोळी स्वस्त पडते. सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीने मला ती योग्य वाटते. तरी शाळेला चिठ्ठी पाठवून मुलाला त्या दिवशी वगळणारी जी घरे आपल्यात आहेत त्यांच्याशी मी वाद घालीत नाही. मी एवढेच म्हणते की मग तपासणी तरी टाळू नका. पुराव्याशिवाय औषध नको म्हणणाऱ्याने पुरावा शोधण्याची लाज बाळगणे मला पटत नाही.

उरला प्रश्न, आमच्या घरात हे आले कसे? गूळ आणि गोड खाल्ल्याने जंत होतात असे आपल्याकडे अजून म्हणतात. झोपेत मूल दात खाऊ लागले की आजी वावडिंग शोधते. चरकसंहितेत वीस प्रकारचे कृमी सांगितले आहेत, तेव्हा या विषयावर आपण आज विचार करू लागलो असे नव्हे. पण दात खाणारी कित्येक मुले माझ्याकडे तपासली गेली आहेत आणि त्यांच्यात काही सापडलेले नाही. आणि गोडाचा या अंड्याशी संबंध नाही. ते मळातून मातीत पडते. ताजे असताना ते कोणाला बाधत नाही. ओलसर, सावलीच्या मातीत दोन ते चार आठवडे गेल्यावर त्यात अळी तयार होते, आणि त्यानंतर ते वर्षानुवर्षे तसेच टिकू शकते. त्याचे आवरण चिकट असते, नखांत बसते. उकळलेल्या पाण्यात ते मरते, तेव्हा पाण्याचा दोष या घरात नव्हता. कंदमुळे नव्हती, पालेभाजी चातुर्मासामुळे बंद होती.

मी वडिलांना विचारले, मुलगा खेळतो कोठे? गोदामाच्या मागे, ते म्हणाले. तेथे लिंबाची सावली आहे, मातीचा ढीग आहे. आणि मालमोटारींचे चालक, हमाल, त्यांची बायकामुले शौचाला कोठे जातात? ते थांबले. गोदामाला वजनकाटा होता, कचेरी होती, वातानुकूलित खोली होती. शौचालय कचेरीला होते आणि त्याला कुलूप होते.

साधूंच्या पाच समितींतली पाचवी मलमूत्र कोठे आणि कसे परठावे याविषयीच आहे. जागा पाहून, जीव नाहीत याची खात्री करून. तिच्या सूक्ष्मतेवर आपण व्याख्याने ऐकतो. त्या दिवशी मी ते नाव काढले नाही. दादीजींनी काढले, मुलाकडे पाहून, आणि त्यांचा मुलगा खाली पाहत राहिला.

तीन आठवड्यांनी मुलाचा नमुना आला. डबीवर नाव ठळक अक्षरांत लिहिलेले होते. पट्टीवर अंडे नव्हते. दोन महिन्यांनी पुन्हा एकदा पाहायचे आहे. त्याच पिशवीत आणखी अकरा डब्या होत्या, हमालांच्या मुलांच्या, प्रत्येकीवर नाव आणि वय. सोबत चिठ्ठी होती की खर्च पेढीच्या खाती लिहावा आणि गोदामामागे चार शौचालयांचा पाया खणला आहे. आकडेकृमीची अंडी पातळ कवचाची असतात, काटोच्या पट्टीवर तास उलटला की ती विरघळल्यासारखी दिसेनाशी होतात, म्हणून त्या अकरा पट्ट्या मी करताक्षणी पाहायला घेतल्या. गोलकृमीची अंडी निम्म्याहून अधिक मुलांत होती. एका नऊ वर्षांच्या मुलीत आकडेकृमीचीही होती. तिचे रक्त मागवून पाहिले, हिमोग्लोबिन सात निघाले. तिला लोहाच्या गोळ्या सुरू केल्या आहेत, आणि त्या घेण्यासाठी ती दर सोमवारी दादीजींकडे जाते.